किटलीतली जास्वंद

हॉटेलच्या लॉबीत बापू परब चहाची किटली पोटाशी धरून बसले होते आणि किटलीच्या तोंडातून जास्वंद वर आली होती.

एअरपोर्टला नेणारी बस दारात उभी होती. बॅगा चढत होत्या. मी सवयीप्रमाणे माझ्या ग्रुपची डोकी मोजत होते, आणि मोजता मोजता त्या किटलीपाशी थांबले. आत लाल माती होती. ओली, ताजी, हॉटेलच्या बागेतली.

"बापू, ही माती कुठून आली?"

"बागेतून आणली थोडी. माळ्याला विचारून घेतली हां, चोरली नाही."

मी खाली बसले. बॅगेवरच बसले.

मी दादरच्या एका ट्रॅव्हल कंपनीत टूर मॅनेजर होते. लोकांना वाटतं, टूर मॅनेजर म्हणजे छत्री उंच धरून पुढे चालणारी बाई. नेणं कुणालाही जमतं हो. आमचं खरं काम परत आणण्याचं. माणसं, बॅगा, पासपोर्ट, चष्मे, कवळ्या, जे जे मुंबईहून निघालं ते ते मुंबईला परत आलं पाहिजे. या वेळी त्या यादीत एक झाड होतं.

ग्रुप होता जास्वंदवाल्यांचा. असे लोक असतात, मलाही आधी माहीत नव्हतं. एका जास्वंदीचे पराग दुसरीवर लावायचे, बी धरायचं, रोप करायचं आणि कुठल्या रंगाचं फूल येतं याची दीड-दोन वर्षं वाट बघायची, हा त्यांचा उद्योग. दर रविवारी दादरला डॉक्टर करंदीकरांच्या दाताच्या दवाखान्यात ते जमत. मलेशियात जास्वंदप्रेमींचं मोठं संमेलन भरणार असं कळल्यावर अख्खं टोळकं निघालं, आणि त्या संमेलनात पाहुण्यांनी आणलेल्या नव्या जातींमध्ये आमच्या बापूंचं फूल पहिलं आलं. ताटलीएवढं फूल. कडा केशरी, आत पिवळा, मधोमध गडद जांभळा डोळा. नाव ठेवलं होतं ‘इंदुमती’, म्हणजे त्यांची बायको.

बापू लालबागचे. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. संप झाला, गिरणी बंद पडली ती पडलीच. इंदूवहिनींनी मसाले कुटून आणि डबे करून घर तारलं. बापूंनी चाळीच्या गॅलरीत डालड्याच्या डब्यांत गावठी जास्वंदी लावल्या आणि रोज सकाळी प्रभादेवीला देवळाबाहेरच्या हारवाल्यांना फुलं द्यायला लागले. तिथून हा परागांच्या क्रॉसचा नाद लागला. मुलगा पुढे नोकरीला लागला, त्यानेच बापूंचं तिकीट काढलं होतं. संपाला तेव्हा पंधरा-सोळा वर्षं होऊन गेली होती आणि इतक्या वर्षांत बापूंना कुणी शाबासकी दिली असेल तर ती या फुलामुळे. फूल पहिलं आलं त्या रात्री त्यांनीच मला सांगितलं होतं.

आता त्यांचा दोष. हा माणूस कुणाला काडी देत नसे. काडी म्हणजे फांदीचा तुकडा. तो दुसऱ्याच्या झाडावर बांधला की कलम होतं, आणि तुमची जात त्याच्या घरी जाते. जास्वंदवाल्यांत काड्यांची देवाणघेवाण रोजची. बापूंच्या चाळीत मात्र कुणी नुसता फांदीला हात लावला तरी महाभारत व्हायचं. ‘इंदुमती’चं मूळ रोप आधीच मेलं होतं. गावठी जास्वंदीवर बांधलेलं एकच कलम उरलं होतं, तेच त्यांनी मलेशियाला आणलं. निघताना इंदूवहिनी म्हणाल्या होत्या, एक फांदी तरी माझ्याजवळ ठेवा. यांचं उत्तर, मी नसताना कुणीतरी मोडून नेईल.

मी दर टूरच्या आधी सगळ्यांना बजावते की पासपोर्टच्या झेरॉक्स काढा, एक घरी ठेवा, एक बॅगेत ठेवा. बापूंनी पासपोर्टच्या तीन-तीन झेरॉक्स काढल्या होत्या. झाडाची एकही नाही!

आता मातीचं काय ते सांगते. झाड एका देशातून दुसऱ्या देशात न्यायचं तर मुळांना मातीचा कण चालत नाही, कारण मातीतून किडे आणि रोग जातात. मुळं स्वच्छ धुवायची, ओल्या मॉसमध्ये, म्हणजे सुकवलेल्या शेवाळात, गुंडाळायची. मग तिथल्या शेती खात्याचा माणूस झाड तपासतो आणि निरोगी असल्याचं प्रमाणपत्र देतो. आम्ही त्याला नुसतं ‘फायटो’ म्हणतो. आपल्याकडचा आयात परवानाही लागतो. तो मी निघण्यापूर्वीच काढला होता आणि त्यात रोपं आणि काड्या असं दोन्ही घातलं होतं, कारण बाकीची मंडळी तिथून काड्या आणणार होती.

जाताना हे सगळं व्यवस्थित झालं होतं. परतीलाही झालं. झाड धुतलं, तपासलं, फायटो मिळाला. आणि मग आमचं थेट मुंबईचं विमान रद्द झालं. विमान कंपनीने आम्हाला हॉटेलात टाकलं आणि दुसऱ्या दिवशी कोलंबोमार्गे तिकिटं दिली. घरचा प्रवास एकदम दुप्पट लांबला. बापूंना झाडाची उघडी मुळं बघवेनात.

"नीलाबाय, माका रवाक नाय," ते म्हणाले. एरवी ते आमच्यासारखंच बोलायचे, पण जीव कासावीस झाला की मालवणीवर यायचे. "मुळां उघडी ठेवन कसा झोपाचा? सुकान जायत ना झाड."

डॉक्टर करंदीकर पुढे आले. "काय त्यात? पुन्हा धुऊन टाकू. कुणाला कळतंय!"

"मला कळतंय," मी म्हटलं. "मुळांना माती लागली की फायटो रद्द. मुंबईला सापडलं तर झाड जाळतील. आणि तुमच्या सगळ्यांच्या काड्या त्याच फायटोवर आहेत. त्याही जातील."

हे ऐकल्यावर सगळी जास्वंदप्रेमी मंडळी बापूंकडे अशी बघायला लागली की मला दया आली. बापूंनी किटली आणखी घट्ट धरली.

मी ऑफिसला फोन लावला. आमचे बोरकरसाहेब म्हणजे अर्ध्या वाक्यात निर्णय देणारे.

"नीला, झाड सोड, फ्लाइट पकड."

"सर, झाड पॅसेंजर आहे."

"तिकीट आहे त्याचं?"

"फायटो आहे."

"जो रद्द झालाय. बरोबर?"

"सर, आम्ही अजून वेळेत आहोत. बस अर्धा तास थांबवते."

"थांबव. पण ग्रुपची फ्लाइट चुकली तर तू तिथेच राहा, बाग कर." फोन ठेवला.

मी लॉबीत परत आले. आठवडाभर या लोकांच्या तोंडून कलम, काडी, डोळा, यांशिवाय दुसरा शब्द ऐकला नव्हता. गिरगावातल्या खोताच्या वाडीतल्या ॲग्नेस मिस जवळ उभ्या होत्या. शाळेतून रिटायर झालेल्या बाई, त्यांच्या हातचं रोप हमखास जगायचं. बापूंशी त्यांचं मुळीच जमत नसे. कित्येक वर्षं त्या बापूंच्या मागे काडीसाठी लागल्या होत्या.

"मिस, माती फक्त मुळांना लागलीय ना?" मी विचारलं.

"हो."

"मग मुळंच नसली तर?"

  सगळे आपापल्या चपलांकडे बघायला लागले. उत्तर त्यांना माझ्या आधीपासून माहीत होतं, फक्त बापूंना सांगायची कुणाची छाती होत नव्हती.

शेवटी बापूच उठले. "म्हणजे तोडायचं," ते म्हणाले.

 हॉटेलच्या किचनमधून मी फळं कापायची धारदार सुरी आणली. ॲग्नेस मिसनी हात पुढे केला, तर बापू म्हणाले, "नको मिस. माझं मीच करतो." पोर्चमध्ये एका कठड्यावर बसून त्यांनी ‘इंदुमती’च्या फांद्या एकेक करून तिरप्या कापल्या.  डोळे भरून वाहत होते आणि ते पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून डॉक्टरांनी आपल्या रुमालाने पुसले. 

काडीचं कापलेलं तोंड उघडं राहिलं की ती सुकते, तिथे मेण लावावं लागतं. मिसनी तिथल्या चर्चमधून माहीमच्या नोव्हेनाला, म्हणजे बुधवारच्या प्रार्थनेला, लावायला मेणबत्ती घेतली होती. ती त्यांनी काढून पेटवली. अकरा काड्या झाल्या. तोंडांना मेण, अंगाला ओला कागद, वर प्लास्टिक. उरलेला गावठी बुंधा बापूंनी किटलीसकट माळ्याच्या हातात ठेवला. लालबागची जास्वंद अजून त्या हॉटेलच्या बागेत असेल, असेल तर चांगलीच माजली असेल.

एअरपोर्टवर शेती खात्याच्या काउंटरवर एक तरुण बाई होत्या. मी काही लपवलं नाही. किटली, माती, सुरी, सगळं सांगितलं. त्यांनी एकेक काडी भिंगाखाली धरली, आमच्या इतर काड्याही पुन्हा पाहिल्या, जुना फायटो रद्द करून नवा दिला. त्यावर लिहिलं होतं, फक्त काड्या, मुळं नाहीत, माती नाही. "संमेलनात पहिलं आलेलं फूल हेच ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. त्यांनी आमच्यासाठी शिक्का जरा जोरातच मारला, असं मला वाटलं.

विमान मिळालं. पण जास्वंदीला थंडी सोसत नाही, आणि विमानातला एसी म्हणजे महाबळेश्वर. तेव्हा काड्यांचं बंडल आळीपाळीने प्रत्येकाच्या स्वेटरमध्ये बसलं. बापू एकाकडे बंडल देत आणि मग त्याच्याकडेच टक लावून बघत. कोलंबोला पुढच्या विमानाची लांबलचक वाट बघावी लागली. तिथे चिवडा खाता खाता मी विषय काढला.

"बापू, ग्रुपचे पासपोर्ट मी कधी एका बॅगेत ठेवत नाही. अर्धे माझ्याकडे, अर्धे दुसऱ्याकडे. एक बॅग गेली तर सगळे अडकू नयेत म्हणून."

"मग?"

"या अकरा काड्या तुम्ही एका गॅलरीत बांधणार. एखादी बुरशी आली तर?"

बापूंनी चिवड्यातले शेंगदाणे बाजूला काढले. "तुम्हा सगळ्यांना माझ्या काड्या पाहिजेत," ते म्हणाले. "कळतं मला."

"हो, पाहिजेत," ॲग्नेस मिस फाडकन म्हणाल्या. "मी काय खोटं बोलू? पण आज तुमचं झाड जगायला पाहिजे, म्हणून पाहिजेत."

बापूंनी बंडल आपल्या स्वेटरमध्ये घेतलं. मुंबई येईपर्यंत कुणाला दिलं नाही.

मुंबईच्या विमानतळावर झाडं तपासणाऱ्या साहेबांनी फायटो वाचला, परवाना वाचला, काड्या फिरवून फिरवून पाहिल्या. सगळं ठीक. मग त्यांनी पेन काढलं. परदेशातून आलेलं झाड काही महिने वेगळं ठेवावं लागतं, आणि ते कुठे ठेवणार याचा पत्ता द्यावा लागतो. पाहणीला त्यांचा माणूस येतो.

"कुठे लावणार?" साहेबांनी विचारलं.

मी तोंड उघडलं, पण बापूंनी मला हाताने थांबवलं.

"लिहा साहेब," ते म्हणाले. "लालबागला माझ्याकडे. दादरला डॉक्टरांकडे. प्रभादेवीला ह्या आमच्या सामंतांकडे." मग जरा थांबले. "आणि खोताच्या वाडीत ॲग्नेस मिसकडे. मिसकडे दोन लिहा. त्यांचा हात चांगला आहे."

साहेब लिहीत गेले, बापू सांगत गेले. शेवटचा पत्ता झाला तेव्हा आमच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. आजूबाजूचे लोक बघायला लागले, कोण मंत्री आलाय म्हणून. मीही वाजवल्या. माझ्या नोकरीतलं ते सगळ्यात चांगलं लँडिंग होतं.

बाहेर इंदूवहिनी उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं, मग त्याच्या रिकाम्या हातांकडे.

"झाड खंय?"

"वाटून टाकलं," बापू म्हणाले.

"तुमी?" इंदूवहिनींनी माझ्याकडे बघितलं. "नीलाबाय, ह्येंका ताप बीप येता काय?"

आता पुढचं. बापूंनी स्वतःजवळ तीन काड्या ठेवल्या होत्या. तिन्ही काळ्या पडल्या. डॉक्टरांची गेली, सामंतांची गेली, बाकीच्यांच्याही गेल्या. बापूंनी ऑफिसला फोन केला आणि नुसते रडले. 

पण खोताच्या वाडीत, लाकडी जिन्याखालच्या कुंडीत, मिसच्या दोन्ही काड्यांना डोळे, म्हणजे कोंब, फुटले. वेगळं ठेवायची मुदत संपली, पाहणीचा माणूस पास करून गेला, आणि गणपतीच्या आदल्या दिवशी ॲग्नेस मिस टॅक्सीतून मांडीवर कुंडी घेऊन लालबागला उतरल्या. झाडाला एक कळी होती. चाळीच्या जिन्यावरून कुंडी वर चढली तेव्हा शेजारपाजार गॅलरीत उभा होता. मलाही बोलावलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळी उमलली. केशरी कडा, जांभळा डोळा. इंदूवहिनींनी ती बापूंच्या हातून घेतली आणि गणपतीला वाहिली. मग बापूंनी सुरी आणली आणि चाळीतल्या ज्याने ज्याने हात पुढे केला, त्याला काडी कापून देऊ लागले. शेवटी इंदूवहिनींनीच त्यांचा हात धरला, म्हणाल्या, "पुरे आता, झाडाक काय तरी ठेवा!"

आज ‘इंदुमती’ गिरगावपासून परळपर्यंत कुठल्याही गॅलरीत दिसते आणि ती कुणाची हे बऱ्याच जणांना माहीतही नाही. मी रिटायर होईपर्यंत टूरच्या आधी त्याच सूचना देत राहिले, फक्त त्यात थोडी भर घातली. पासपोर्टची एक झेरॉक्स घरी ठेवा. आणि झाड नेणार असाल, तर झाडाचीही.