बॉयलरवाल्याच्या रकान्यातलं कुंपण

पगारमावशीने बॉयलरवाल्याला मिठी मारली, अशी कुजबुज धुलाईखान्यात एका शनिवारी सकाळी उठली, आणि पहिला चहा होईपर्यंत ती नुसत्या मिठीवर थांबलेली नव्हती. इस्त्रीच्या टेबलापर्यंत पोचेस्तोवर दोघं हातात हात घालून नाचली होती. पिळणीच्या यंत्रापाशी ती आली तेव्हा दोघांचं पळून जायचं ठरलं होतं. जेवणाच्या सुट्टीत तर कोणीतरी छातीठोकपणे सांगितलं, की भरलेली पिशवी आपण या डोळ्यांनी पाहिली. पिशवीत बॉयलरवाल्याचा रिकामा डबा होता, पण एवढ्या बारकाव्यात शिरलं तर गप्पांना चव ती काय राहणार!

मावशी म्हणजे काही चवळीची शेंग नव्हे. पंचावन्नी ओलांडलेली, कमरेला हात लावल्याशिवाय खुर्चीतून न उठणारी, एका कानावर पेन्सिल अडकवलेली बाई. आली होती टॉवेलांच्या घड्या घालायला. तेव्हाचा कारकून लग्न करून दुसऱ्या गावी पसार झाला आणि म्हाताऱ्या मालकांनी तिला "दोन दिवस सांभाळ गं" म्हणून त्याच्या खुर्चीत बसवलं. ते दोन दिवस अजून संपले नव्हते. दर शनिवारी सगळ्यांचे तास मांडायचे, मजुरीने गुणायचे, पाकिटं भरायची. ती खुर्ची म्हणजे मावशीचा जीव की प्राण. तिच्यावर दुसरं कोणी नुसतं टेकलं तरी ती म्हणायची, "ऊठ, गादी बसेल!"

पण म्हातारे मालक गेले आणि त्यांची लेक गादीवर आली. मालकीणबाई तरुण, हुशार, बोलायला गोड. सोमवारी तिने मावशीच्या टेबलावर कॉम्प्युटर आणून ठेवला.

"मावशी, या शनिवारचा पगार यातून निघाला पाहिजे. नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नका, मी बाहेरच्या ऑफिसला काम देईन. तुम्ही आपल्या पुन्हा घड्यांवर या. पैसे तेवढेच मिळतील."

"तेवढेच का?" मावशी एवढंच म्हणाली, पण तिला घोर लागला तो पैशांचा नव्हे. घड्यांच्या टेबलावर 'रेडिओ' बसत होती. रेडिओ म्हणजे घड्या घालणाऱ्या बायकांची म्होरकी. हिच्या कानात पडलेली गोष्ट पोटात कधी उतरलीच नाही. तिच्या शेजारी जाऊन बसायचं, आणि ते पण खुर्ची गेल्यावर? त्यापेक्षा बॉयलरमध्ये उडी मारलेली बरी.

मावशी पेटली! रकाने आखले, नावं घातली, येण्याची वेळ, जाण्याची वेळ, वजाबाकी. मंगळवारी गेल्या आठवड्याचे तास भरून पाहिले. रोजचे आठ तास टपाटप उमटले तेव्हा तिने टाळीच वाजवली. मग खाली बेरीज मागितली आणि रेडिओचे आठवड्याचे तास निघाले शून्य. पगार, दोन तासांची मजुरी.

नेमकी रेडिओ मागे उभी. "मावशी, आठवडाभर मी इथे काय माशा मारत होते?"

"तू मारत असशील, पण यंत्राला कसं कळलं ते बघते," मावशी म्हणाली आणि तिला दाराबाहेर काढून भाचीला फोन लावला. भाची कुठल्याशा मोठ्या ऑफिसात हेच काम करायची.

"अगं मावशी, ते घड्याळ दाखवतंय. घड्याळात कधी पंचवीस वाजतात का? चोवीस झाले की परत शून्य. त्याला सांगावं लागतं, बाबा रे, वेळ नको, एकूण तास दाखव."

"आणि पगार?"

"त्याच्या लेखी एक म्हणजे अख्खा एक दिवस. तुझे अठ्ठेचाळीस तास म्हणजे त्याचे दोन. म्हणून दोनाची मजुरी दिली त्याने. चोविसाने गुण, की झाले तास."

मावशीने चोविसाने गुणलं आणि रकाना वरपासून खालपर्यंत असा भरला, की तिला खुर्चीतून कमरेला हात न लावता उठता आलं! तो सगळा दिवस ती हवेत होती. घरी नवऱ्याला जेवता जेवता चोविसाची गंमत तीनदा सांगितली. नवरा स्वभावाने थंड. तो म्हणाला, "भाजी वाढ. आणि उरलेले किती?"

उरला होता एकच. बॉयलरवाला.

धुलाईखान्यात रात्रपाळी त्या एकट्याची. रात्री दहाला यायचं, सकाळच्या पाळीसाठी वाफ तयार ठेवायची आणि सहाला जायचं. मिशा भरघोस, शब्द मोजके. त्याच्या ओळीत आकडा म्हणून येईना. उभ्याआडव्या रेघांची जाळी उमटायची, एखाद्या शेताला कुंपण घालावं तशी. भाचीने कधीतरी सांगितलं होतं, की रकाना अरुंद असला की असं होतं, जरा ओढून रुंद कर. मावशीने ओढला. कुंपण लांब झालं. आणखी ओढला, आणखी लांब झालं. शेवटी बाकीचा सगळा पगार पडद्याबाहेर गेला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं कुंपणच उरलं. भाचीला फोन लावावा तर ती विमानात, आणि नंतरही तिचा फोन बंदच.

शुक्रवारी सकाळी मावशी सहाच्या ठोक्याला फाटकावर. हा बाबा वेळा तरी खऱ्या लिहितो की नाही, ते स्वतः बघायला. तो सहाला बाहेर आला, अगदी वेळेवर.

"अहो भाऊ," मावशी कळवळून म्हणाली, "तुमच्यापायी माझा डोळ्याला डोळा नाही! सगळ्यांचं सुरळीत आहे, तुम्हीच तेवढे माझ्या हाती लागत नाही."

बॉयलरवाला गोंधळून मिशीवरून हात फिरवत राहिला. फाटकाशी सायकल लावणाऱ्या इस्त्रीवाल्याने मात्र सायकल तिथेच टाकली आणि रेडिओला गाठलं. "भाऊ म्हणत होती," तो म्हणाला. "भाऊ म्हणते म्हणूनच तर संशय!" रेडिओने निकाल दिला.

शनिवार उजाडला. मालकीणबाई आठला येणार. मावशीने बॉयलरवाल्याला बाहेर पडता पडता पकडून थेट ऑफिसात आणलं आणि पडद्यासमोर उभं केलं.

"हे बघा तुमचं कुंपण. दहाला आलात, सहाला गेलात. सहातून दहा जाणार कसे? येण्याआधीच निघून जाता की काय तुम्ही?"

तो पडद्याकडे वाकून म्हणाला, "बाई, मी येतो आज आणि जातो उद्या. बायकोसुद्धा हेच म्हणून भांडते."

"काय म्हणालात?"

"येतो आज, जातो उद्या."

"उद्या!" मावशी किंचाळली. "उद्या म्हणजे एक दिवस पुढे! आणि याच्या लेखी एक दिवस म्हणजे एक!" तिने जाण्याच्या वेळेत एक मिळवला. कुंपण गेलं आणि तिथे आठ उमटले. दुसरी रात्र, आठ! तिसरी, आठ! खाली अठ्ठेचाळीस, आणि शेजारी पुरा पगार, पैसा न् पैसा बरोबर!

घड्यांवरच्या बायका तेवढ्यात आवारात शिरत होत्या आणि ऑफिसच्या दाराला काच होती.

आठला मालकीणबाईने सगळे आकडे तपासले, पुन्हा तपासले आणि म्हणाली, "मावशी, बाहेरच्या ऑफिसला नाही म्हणून कळवते." मावशीने मान डोलावली, खुर्चीत बसली आणि पाकिटं भरायला घेतली. रेडिओचं पाकीट तिने मुद्दाम सगळ्यात शेवटी दिलं.

रेडिओ तेवढ्याने थांबते थोडीच! संध्याकाळी ती मावशीच्या घरी जाऊन नवऱ्याच्या कानाला लागली. "तुम्हाला म्हणून सांगते, कोणाला बोलू नका. आज सकाळी मावशीने बॉयलरवाल्याला मिठी मारली."

नवरा ताडकन उठला. जन्मात कधी तो इतक्या झटकन उठला नव्हता. "म्हणजे जुळला त्याचा हिशेब?" तो ओरडला. "अहो, आठवडाभर झोपू दिलं नाही हो तिने मला!"

खरी गोष्ट एवढीच, की मावशीने बॉयलरवाल्याला मिठी मारली होती. त्याचे अठ्ठेचाळीस तास जुळले होते, आणि ऑफिसात तेव्हा दुसरं कोणी नव्हतं.