कंट्रोलर चाचांचं जहाज

वाशीमच्या बसस्टँडवर गाडीची वेळ विचारली, की कंट्रोलर चाचा वेळ सांगायचेच, वर न विचारता बसायची बाजूही सांगायचे. "सकाळची अकोला ना? डावीकडं बस. उजवीकडं ऊन भाजते." रिठदची गाडी असो की इंझोरीची मुक्कामी, कोणत्या वळणावर ऊन कुठून येतं ते त्यांना पाठ होतं. आमच्याकडे मार्चपासून सूर्य वैर धरल्यासारखा वागतो, त्यामुळे लोक वेळापत्रकापेक्षा चाचांवर जास्त विसंबून असत.

निवृत्त झाले तरी सवय गेली नाही. ते आमच्या शेजारीच राहत. सकाळी फाटकाला टेकून उभे राहायचे आणि पिशवी घेऊन निघालेल्या माणसाला हटकायचे. "कोन्या गाडीनं चालले? थिच्यात कायले बसता? थे गावोगाव थांबते." माणूस लग्नाला निघालेला असो की कोर्टात, त्याची गाडी बदलून दिल्याशिवाय चाचा त्याला सोडत नसत. त्यांच्यापायी मी शाळेत शिकवायला दोनदा उशिरा पोचलो. बसायला जागा मात्र मिळाली, हे कबूल करायला हवं.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. "गाडी कुठं जाते थे मंग पाय, सुटते कुठून थे आधी पाय."

सिॲटलला राहणाऱ्या आमच्या मुलानं आम्हा दोघांना अलास्काच्या समुद्रसफरीला पाठवायचं ठरवलं, तेव्हा हे वाक्य आमच्या घरात शिरलं. हिला लग्नाआधीपासून बर्फाचा डोंगर पाहायचा होता. अडचण एकच, हिला गाडी लागते. अकोल्यापर्यंतसुद्धा लिंबू नाकाशी धरून, डोळे मिटून जाते. एकदा मनालीला निघालो होतो, तर घाटातूनच परत फिरावं लागलं. आता साठी उलटलेली, ही सफर हुकली तर दुसरी नाही. "आठ दिवस पलंगावरच पडून राहाचं असन, तर मी घरीच बरी," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

चाचा जुन्या कॅलेंडरचा कागद घेऊन आले आणि मुलाला व्हिडिओ कॉल लावायला लावला. मुलाच्या मते ठरवण्यासारखं काही नव्हतंच. त्याच्या घरापासून अर्ध्या तासावर बंदर, तिथूनच जहाज सुटतं.

"बेटा, हे जहाज मोकळ्या पान्यातून किती जाते? अन् आडोशानं किती?"

हा प्रश्न त्याला कुणी विचारलाच नव्हता. त्यानं शोधून सांगितलं. सिॲटलचं जहाज वाटेतल्या एका मोठ्या बेटाच्या बाहेरून, खुल्या समुद्रातून जातं. कॅनडातल्या व्हँकुव्हरहून सुटणारं मात्र बेटं आणि किनारा यांच्या मधल्या चिंचोळ्या पाण्यातून जातं.

"मंग सिॲटल रद्द."

"चाचा, घरासमोरचं बंदर सोडून तीन-चार तास रेल्वेनं जायचं?"

"तीन तास तरास बरा का तीन दिवस?"

व्हँकुव्हरहून जाऊन वर अलास्कातच उतरायचं, असाही एक मार्ग होता. पण तिथून विमानतळावर बसनं जावं लागतं हे कळताच चाचांनी कागदावर फुली मारली. व्हँकुव्हर ते व्हँकुव्हर असं पक्कं झालं. मग खोलीची बाजू निघाली. "जहाज उत्तरेकडं जाते ना? म्हंजे आपली सकाळची अकोलाच समजा. डावीकडची खोली घे, सावली राहीन." आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. उन्हापासून पळायचं नसतंही, ही शंका वाशीमच्या माणसाला कशी यावी? मुलगाही याच मातीतला, त्यानंही गुपचूप डावी खोली घेतली.

जाताना रोज सकाळी समोरच्या रांगेतले गोरे लोक बाल्कनीत ऊन खात बसायचे आणि आम्ही आमच्या हक्काच्या सावलीत दोन स्वेटर, शाल आणि माकडटोपी घालून कुडकुडायचो. पण पाणी तळ्यासारखं शांत होतं. हिनं पहिल्या दिवशी लिंबू मुठीत धरलं होतं, दुसऱ्या दिवशी ते चहात पिळलं. हिमनदीपाशी जहाज थांबलं तेव्हा ही कठड्याला धरून दोन तास उभी होती. बर्फाचा कडा गडगडत पाण्यात कोसळला आणि ही लहान मुलीसारखी टाळ्या वाजवायला लागली. चाळीस वर्षांच्या संसारात कुठल्याही वाहनावर मी हिचे डोळे इतका वेळ उघडे पाहिले नव्हते.

परतल्यावर ही सामान तसंच टाकून चाचांकडे गेली. सावलीची कथा ऐकून ते खोकला लागेपर्यंत हसले. मग एकाएकी म्हणाले, "बेटी, मले बी गाडी लागते."

आम्हाला वाटलं, थट्टा करतायत. पण ते कंडक्टर म्हणून लागले होते आणि पहिल्याच आठवड्यात रिसोडच्या वाटेवर तिकिटं फाडता फाडता आडवे झाले. साहेबांनी दया करून ऑफिसात घेतलं, पुढं कंट्रोलर केलं. उभा जन्म गाड्या सोडल्या, पुन्हा एकीतही बसले नाहीत; वळणं आणि ऊन सारं ड्रायव्हरांना विचारून पाठ केलेलं. हैदराबादला दिलेली लेक दरवर्षी इकडं यायची. तिचं घर त्यांनी पाहिलेलं नव्हतं.

ही उसळलीच. "माह्यासाठी सारा समुद्र तपासला, अन् सोतासाठी रेल्वे नाई पाहता आली? इथून तर जाते थे!"

"भेव वाटते, बेटी."

मग हिनं पंधरा दिवस त्यांचा पिच्छा पुरवला. खालचा बर्थ काढला, डॉक्टरकडून गोळ्या आणल्या, जावयाला स्टेशनवर उभं राहायला सांगितलं. आम्ही त्यांना वाशीम स्टेशनवर बसवून दिलं. गाडी हलली तेव्हा चाचांनी डोळे घट्ट मिटून घेतले होते.

ते परत आले नाहीत. लेकीकडेच राहिले, आणि मागच्या वर्षी तिथंच गेले. ही चार दिवस नीट जेवली नाही. त्यांना गाडीत बसवून दिल्याच्या दुसऱ्या दिवशी आलेला त्यांचा फोन मात्र आम्ही अजून एकमेकांना सांगत असतो.

"बेटी, पायलं लेकीचं घर. तीन खोल्या हायेत. तिनं माह्यी खाट खिडकीपाशी टाकून ठेवली व्हती. लगनाले अठरा वर्सं झाले म्हनते, तवापासून."