रेघ जोडायची नाही

"बोट ठेव आन् बोल," असं म्हणून ती आपला मॉनिटर माझ्याकडे फिरवायची. ग्राफबद्दल मला जे काही सांगायचं असेल ते पडद्यावर नेमकं कुठे दिसतं, तिथे बोट टेकवायचं आणि मगच तोंड उघडायचं, असा तिचा कायदा. 'साधारणपणे', 'एकंदरीत' असले शब्द तिच्या टेबलापाशी चालत नसत. त्यामुळे आमच्या ऑफिसातले सगळे पडदे बोटांच्या ठशांनी भरलेले असायचे. साफसफाईच्या मावशी रोज कुरकुरत ते पुसायच्या.

अलिबागच्या एका गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानावर आमचं ऑफिस होतं. काम कंत्राटी. मोठ्या पाइपलाइनवरून गावोगावच्या टाक्यांमध्ये पाणी जातं, टाक्यांवर मीटर असतात आणि मीटरचे आकडे कंप्युटरवर येतात. त्या आकड्यांचे ग्राफ काढून डॅशबोर्डवर मांडायचं काम तिचं. आडव्या रेषेवर तारखा, उभ्या रेषेवर पाणी आणि प्रत्येक गावाची एक रेघ. मी त्या ग्राफखाली मराठीत चार ओळी लिहायचो. साहेब लोकांना ग्राफ न बघता ग्राफ कळावा, यासाठी मला पगार मिळत होता.

ती जवळच्याच खारेपाट भागातल्या आगरी घरातली, चाळिशी ओलांडलेली. नवऱ्याचा ट्रकचा धंदा. मुलं मोठी झाल्यावर ती कंप्युटर शिकली आणि शिकवणाऱ्याला तिने प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडलं, असं ती स्वतःच अभिमानाने सांगायची. हातात सोन्याच्या पाटल्या. टाइप करताना त्या टेबलावर वाजायच्या, त्यामुळे ती कामात आहे की रागात आहे हे मला मान वर न करता कळायचं. ती माझ्याआधी वर्षभर नोकरीला लागली होती. तेवढ्या जोरावर ती मला 'दादूस' म्हणायची आणि हक्काने झापायची.

एके दिवशी ती ऑफिसात शिरली तीच पेटलेली. पर्स टेबलावर आपटली.

"हे बघ दादूस. आमच्या टाकीत मध्यरातीला पानी आलं म्हनतोय हा ग्राफ. आमच्या गावान पानी सकालचं येतं. मध्यरातीला काय भुतं हंडे भरतात?"

मी म्हटलं, "मीटर बिघडला असेल."

"मीटर बरा हाय. याचंच डोकं फिरलंय."

दुपारी जेवणाचा डबा तसाच ठेवून तिने शोध लावला. ग्राफ काढणारं ते परदेशी सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून विलायतेच्या घड्याळाने चाललं होतं. सगळ्या गावांचं पाणी साडेपाच तास मागे. ऑफिसात इतकी शिकली-सवरलेली माणसं, पण सकाळच्या नळाला कुणीच उभं राहत नव्हतं, मग कळणार कसं? तिने घड्याळ सरळ केलं आणि त्या परदेशी कंपनीला तक्रारीचा ईमेल पाठवला. मराठीत.

"अगं, त्यांना मराठी येत नाही," मी म्हटलं.

"मना त्यांचं घड्याल शिकायला लागलं ना? मंग त्यांनी माझी भाषा शिकावी."

आश्चर्य म्हणजे उत्तर आलं. इंग्रजीत आभार मानले होते. ते उत्तर तिने छापून घेतलं आणि मॅनेजरच्या खुर्चीमागच्या भिंतीवर चिकटवलं.

हे मॅनेजर आठवड्यातून एकदा मांडव्याच्या बोटीने मुंबईहून यायचे. माणूस वाईट नव्हता, पण त्याला सगळं गोजिरवाणं लागायचं. एकदा म्हणाले, रेघा फार रुक्ष दिसतात, गोल चकतीचा ग्राफ टाका, रंगीत. ती शांतपणे म्हणाली, "टाकते. चकतीत काल कुठं आन् आज कुठं ते तेवढं दाखवा." ते बोट हवेत फिरवत राहिले. मग चहा मागवला गेला. अशा वेळी हसू दाबणं किती कठीण असतं, हे ऑफिसात बसलेल्या कुणालाही सांगायला नको.

पण खरी लढाई झाली ती एका बारीकशा चौकटीवरून.

तिचं गाव पाइपलाइनच्या अगदी टोकाला. होळी झाली की तिथे टँकर सुरू व्हायचा, कारण नळाचा भरवसा नाही. वीज गेली की वरचा पंप बंद पडायचा आणि टाकीवरचा, बॅटरी मेलेला मीटरही मुका व्हायचा. त्या दिवसांचे आकडे यायचेच नाहीत. मग ग्राफमध्ये तिच्या गावाची रेघ तुटायची. थोडी रेघ, मग मोकळी जागा, परत थोडी रेघ. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक चौकट असते. त्यावर खूण केली की मधली मोकळी जागा आपोआप सांधली जाते. परवाचा ठिपका आणि उद्याचा ठिपका यांच्यामध्ये सरळ रेघ. बघणाऱ्याला वाटावं, रोज पाणी आलं.

ती ही खूण कधीच करायची नाही. एकदा मी सहज सुचवलं, "मग निदान शून्य तरी दाखव. पाणी आलं नाही हे तुला माहीत आहे."

"मीटरनं शून्य सांगितलं? नाय ना? मंग मी कशी लिहू? जिथं आकडा नाय तिथं रेघ नाय. ना त्यांच्या बाजूची, ना माझ्या."

मला त्या दिवशी ती पहिल्यांदा थोडी भीतीदायक वाटली. स्वतःच्या गावाच्या बाजूनेसुद्धा ती खोटं बोलायला तयार नव्हती.

त्या वर्षी होळीनंतर पाणीपुरवठ्याच्या अधिकारी बाई डॅशबोर्ड बघायला येणार होत्या. टोकाच्या गावांचे टँकर चालू ठेवायचे की बंद करायचे, हे ग्राफ बघून ठरणार होतं. आदल्या दिवशी मॅनेजर मुद्दाम आले. तिचा ग्राफ बघून त्यांनी कपाळाला हात लावला.

"ताई, ही लाइन अशी फाटकी का? आपली सिस्टीम बंद पडते असं दिसतंय. जोडून टाका."

"नाय जोडनार."

"एका क्लिकचं काम आहे."

"म्हनून तर नाय. माझी सासू ज्या दिवशी कोरडा हंडा घेऊन परत आली, त्या दिवशी तुमची ही क्लिक आमच्या टाकीत पानी दाखवते. मंग टँकर बंद झाला की तिनं क्लिक प्यायची?"

मॅनेजरने आवाज चढवला, कंत्राटाची आठवण करून दिली. पाटल्यांचा आवाज थांबला होता. ती उठली, पदर खोचला आणि म्हणाली, "मना काढा. पन मी हाय तवर ही रेघ अशीच राहील."

दुसऱ्या दिवशी मोठ्या पडद्यावर तुटकी रेघ तशीच झळकली. अधिकारी बाईंनी चष्मा सरसावला. मॅनेजर घाईघाईने म्हणाले, "तांत्रिक अडचण आहे मॅडम, एकंदरीत पुरवठा नियमित आहे."

ती पुढे झाली. "मॅडम, जरा इथं बोट ठेवा."

बाईंनी खरंच उठून मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"या दिवशी पानी आलं?"

"इथे तर काहीच नाही."

"मना पन माहीत नाय, मॅडम. मीटर बंद होता. म्हनजे आलं असं कोनीच म्हनू शकत नाय. तुमी उद्या गावाला या. माझ्या घरी चहा घ्या. पानी तेवढं तुमचं घेऊन या."

मी टाळी वाजवली असती, पण हात टेबलाखाली घट्ट धरून बसलो होतो. बाई हसल्या नाहीत. मीटर दुरुस्त होईपर्यंत टँकर चालू राहील, असं त्यांनी तिथेच सांगितलं.

तिचं कंत्राट त्या महिन्याअखेरीस संपलं आणि पुढे वाढवलं गेलं नाही. आम्ही समोसे मागवले, तर म्हणाली, "निरोप नको. मीटर दुरुस्त करा." समोसे मात्र तिने पदरात बांधून नेले. जाताना जिन्यात माझ्या पाठीत एक धपाटा घातला. त्या धपाट्याने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, असं मी त्या दिवशी सगळ्यांना सांगितलं.

तिच्या जागी आलेल्या माणसाने पहिल्याच दिवशी ती खूण केली. मीटर तसाच राहिला. पुढच्या वर्षी तिच्या गावाची रेघ अखंड, देखणी होती, आणि त्याच रेघेच्या आधारावर टँकर बंद झाला. गावातल्या बायका तालुक्याच्या ऑफिसात जाऊन बसल्या. शेवटी त्याच अधिकारी बाई पाहणीला निघाल्या आणि ग्राफ दाखवायला त्यांनी मला लॅपटॉपसह बरोबर नेलं.

टाकीपाशी आम्ही गाडीतून उतरलो आणि मी जागच्या जागी थबकलो. टाकीच्या भिंतीवर होडीला लावतात त्या निळ्या रंगाने लांबलचक पट्टा आखला होता. डावीकडून उजवीकडे चौकोन, प्रत्येकाखाली तारीख. पाणी आलं त्या दिवसाचा चौकोन भरलेला, नाही आलं त्या दिवसाचा मोकळा. माझ्या लॅपटॉपवर जिथे रेघ सरळ गेली होती, तिथे भिंतीवर पांढरे चौकोन होते. हे डोकं कुणाचं ते मला लगेच कळलं, आणि तिचा फार अभिमान वाटला.

"हे कुणी काढलं?" बाईंनी विचारलं.

"आमी," हंडे घेऊन उभ्या असलेल्या बायका एकदम म्हणाल्या.

ती तिथे नव्हती. तिच्या सासूने मला हळूच सांगितलं की सून पलीकडच्या गावी गेली आहे, तिथल्या टाकीची भिंत आखायला.

बाईंनी लॅपटॉप बघितला, भिंत बघितली. "आजचा चौकोन मोकळा कसा?"

"नल अजून यायचा हाय," सासू म्हणाली. "बसा ना. आला की तुमीच रंगवा." आणि तिने रंगाचा डबा उघडून, ब्रश चक्क बाईंच्या हातात दिला.

बाई बसल्या. मीही बसलो. ऊन डोक्यावर आलं. नळ एकदा गुरगुरला, बायका उठल्या, तोटीतून नुसती हवा सुटली आणि सगळं गप्प झालं. ब्रशवरचा रंग वाळला. बाईंनी तो सासूला परत दिला, फोन काढला आणि तिथूनच टँकर पाठवायला सांगितलं.