आपोआप थांबणारी गाडी

थोरलीला कधी कुणी बटण दाबताना पाहिलं नव्हतं. इतकी वर्षं ती शहराच्या बसनं कामाला जात होती, पण घंटीच्या दोरीला किंवा बटणाला हात म्हणून लावला नाही. लावायचा कशाला? जुन्या कंपनीच्या गाडीवर मामा होते. मामा म्हणजे ड्रायव्हर, सगळी बस त्यांना मामाच म्हणायची. हे मामा सकाळी थोरलीच्या गल्लीच्या तोंडाशी हॉर्न द्यायचे आणि ती येईपर्यंत गाडी उभी ठेवायचे. मागून कुणी कुरकुरलंच तर म्हणायचे, "काकू आल्याशिवाय गाडी हलत नाही, ज्याला घाई त्यानं उतरून चालावं." थोरली मग सावकाश, पदर सावरत, आपल्याच घरचं लग्न असल्यासारखी चढायची. दारामागची पहिली सीट तिची. त्या सीटवर दुसरं कुणी बसलं असलं तर आपणहून उठायचं.

ती मोठ्या दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला होती. चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे कोट. तिच्या हातची घडी अशी की सुरी फिरवल्यासारखी कड. धुलाईघर दवाखान्याच्या मागच्या अंगाला, आणि तिथं मागच्या गेटाशी एक थांबा होता. त्या थांब्यावर तिच्याशिवाय कुणी उतरत नसे. पण मामांची गाडी तिथं रोज थांबायची, न सांगता. पुढच्या मोठ्या गेटाला उतरलं तर सगळ्या इमारतीला वळसा घालून चालत यावं लागे, आणि थोरलीच्या गुडघ्यांनी ते कधीच सोडून दिलं होतं.

मग एक दिवस कंपनी बदलली. जुन्या गाड्या गेल्या, मामा घरी बसले, आणि रंगीत, बंद काचांच्या, आत गार वारा सोडणाऱ्या गाड्या आल्या. कंडक्टर नाही. दारात कार्ड टेकवायचं की टुक असा आवाज. दार आपलं आपण मिटतं आणि कुणासाठी उघडत नाही.

आता लोकांचं काय विचारता! पहिल्या आठवड्यात सगळ्या बसमध्ये दुसरा विषय नव्हता. बँकेतला कारकून म्हणे, गाडी वेळेवर आली म्हणून साहेबाला सांगायला बहाणाच उरला नाही. पेन्शनीतले मास्तर म्हणे, सीट इतक्या कडक आहेत की हाडं मोजून होतात. रात्रपाळीची नर्स म्हणे, मला तर बाई स्वर्ग, गार वाऱ्यात डुलकी लागते. थोरली म्हणाली, "नव्याचे नऊ दिवस. बघा तुम्ही." कुणी बघितलं नाही. पूर्वी तिनं असं काही म्हटलं की निम्मी बस माना डोलवायची.

आणि नेमकी त्याच वेळी धाकटी बसमध्ये आली.

धाकटी म्हणजे तिच्या दिराची बायको. दोघींचे संसार एकाच घरात, मध्ये एक भिंत आणि एक समाईक ओटा. धाकटीला त्याच दवाखान्यात पुढच्या गेटाशी, नावं लिहून घ्यायच्या खिडकीवर नोकरी लागली. थोरलीच म्हणाली होती, "चल माझ्याबरोबर, मी दाखवते सगळं." म्हणजे बोलावणारीही हीच, आणि नंतर पोटात दुखायला लागलं तेही हिच्याच.

पहिल्याच दिवशी धाकटीनं हळूच सांगितलं, "जाऊबाई, या गाडीत उतरायचं असलं की बटण दाबावं लागतं हं."

"तू मला बस शिकवतेस?" थोरली म्हणाली. "माझं सगळं आयुष्य या रस्त्यावर गेलंय. माझा थांबा आला की गाडी थांबते."

धाकटी तिच्या मागच्या सीटवर जाऊन बसली. मागचं गेट आलं. गाडी थांबली. थोरलीनं उतरता उतरता मान वळवून पाहिलं.

"बघितलंस?"

"हो जाऊबाई," धाकटी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

तेव्हापासून गाडी रोज थांबली. नवा ड्रायव्हर तोंडात मिठाची गुळणी धरून बसल्यासारखा, हूं नाही की चूं नाही. पण थोरलीची खात्री पटली होती की माणूस ओळखून आहे. मामांनी जाताना कानात सांगितलं असणार.

तेवढं एक सुख उरलं होतं हो. बाकी सगळं धाकटीनं नेलं. फोनवर गाडी कुठवर आली ते तिला दिसायचं. मग काय, थांब्यावर जो तो तिला विचारणार. "धाकट्या बाई, किती वेळ?" "धाकट्या बाई, माझं कार्ड चालत नाही, बघता का?" मास्तरांना तिनं फोन लावायला शिकवला. नर्सबाईला झोप लागली की तिच्या थांब्याला हीच उठवायची. एकदा तर कारकुनानं आपली सीट तिला दिली, थोरलीच्या नाकासमोर! थोरलीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या पहिल्या सीटवर हल्ली कुणीही बसायचं आणि उठायचं नाव काढायचं नाही. कालची आलेली पोर सगळ्या बसची लाडकी, आणि हिला "जरा सरकता का काकू?"

घरी तेच. दीर जेवताना म्हणायचे, "हिनं म्हणे आज मास्तरांना..." आणि थोरली भांडं असं आदळायची की पुढचं ऐकू येऊ नये.

त्यातच एक दिवस गाडीत सूचना लागली. ज्या थांब्यांचा वापर नाही ते बंद करायचे आहेत, कंपनीचा माणूस गाडीतून फिरून बघणार आहे. त्या यादीत मागचं गेटही होतं. थोरलीनं ती सूचना दोनदा वाचली. पुढच्या गेटापासून रोज तो वळसा? तिनं एकदा करून बघितला होता, तर दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठताना नवऱ्याचा हात धरावा लागला होता. थांबा गेला तर नोकरी फार दिवस राहायची नाही, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

सगळ्यांनी ठरवलं, उद्या तो माणूस आला की त्याच्याशी एकानंच बोलायचं, गलका नको. थोरली पदर नीट करून उभी राहिली. एवढी जुनी पॅसेंजर दुसरी होतीच कोण?

मास्तर म्हणाले, "धाकट्या बाई बोलतील. गोड बोलतात."

घरी तिनं नवऱ्यापुढे गाऱ्हाणं मांडलं. तर तो म्हणतो कसा, "बरोबरच आहे. तू भांडशील."

झालं. दीर धाकटीचा, बस धाकटीची, आणि आता आपला नवराही! त्या रात्री थोरली भिंतीकडे तोंड करून पडली. माझा थांबा, माझे गुडघे, आणि बोलणार ही! ही तर उतरते पुढच्या गेटाला. हिला काय पडलंय मागच्या गेटाचं?

सकाळी धाकटी न्हाणीघरात होती. तिची पर्स ओट्यावर उघडी होती. वर बसचं कार्ड दिसत होतं. थोरलीनं इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि ते उचलून आपल्या पिशवीत डब्याच्या खाली सारलं. कार्डाशिवाय नव्या गाडीत पाऊल ठेवता येत नाही.

धाकटीनं पर्स झाडली, गाद्या उलटल्या, ओट्याखाली वाकून बघितलं. "काल तर इथंच ठेवलं होतं!" तिचा चेहरा रडवेला झाला.

"मग मी निघते बाई," थोरली म्हणाली. "गाडी कुणासाठी थांबत नाही हल्ली."

"तुम्ही व्हा पुढे. मी ह्यांचं कार्ड घेऊन मागच्या गाडीनं येते." थोरली जिन्यावर पोचली तर वरून हाक आली, "जाऊबाई! आणि ते बटण तेवढं..."

"कळतं मला!" थोरली न वळता म्हणाली.

गाडीत कंपनीचा माणूस होता. गळ्यात ओळखपत्र, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. ड्रायव्हरच्या मागे उभा राहून चढणाऱ्या-उतरणाऱ्यांकडे बघत होता. लोकांनी दारात विचारलं, "धाकट्या बाई कुठे?"

"ती नाही आली. मी आहे ना."

पहिली सीट त्या दिवशी रिकामी होती. हा चांगला शकुन समजून थोरली बसली आणि तिनं साहेबाला हाक मारली. "काय हो साहेब, मागच्या गेटाचा थांबा बंद करणार म्हणे तुम्ही?"

"तिथे कुणी उतरत नाही असं आमच्या कागदावर दिसतंय, काकू."

"उतरत नाही? मी उतरते! आणि ऐका, तिथं गाडी आपोआप थांबते. बटणाबिटणाची गरज नाही. तुमचा ड्रायव्हर ओळखतो मला. अशा थांब्याला तुम्ही वापर नाही म्हणता?" तिचा आवाज चढला होता, सगळी बस ऐकत होती, आणि खरं सांगायचं तर किती दिवसांनी ऐकत होती! "आता बघाच तुम्ही डोळ्यांनी."

ती उठली. पिशवी खांद्याला अडकवली. दारापाशी जाऊन उभी राहिली, हनुवटी वर करून. दवाखान्याची मागची भिंत आली. दोरीवर वाळणाऱ्या चादरी दिसल्या. गेटावरच्या वॉचमननं तिला काचेतून बघून हातसुद्धा वर केला.

आणि गाडी पुढे गेली.

"अहो! अहो, थांबवा! माझा थांबा!"

ड्रायव्हरनं आरशात बघितलं. "बटण कुठे दाबलंत?"

"रोज थांबता ना तुम्ही! रोज थांबता!"

"रोज बटण वाजतं, काकू," तो म्हणाला. एवढं लांब वाक्य त्याच्या तोंडून पहिल्यांदाच बाहेर पडलं. "तुमच्या मागे बसतात ना त्या, त्या दाबतात. आणि स्वतः उतरतात पुढच्या गेटाला. मी एकदा आरशातून विचारलंसुद्धा, काय म्हणून. तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं."

मागे कुणीतरी हसलं आणि मग हसू गिळलं. थोरलीनं दाराचा दांडा धरला. कानशिलं तापली होती. चादरी मागे पडत चालल्या होत्या.

"म्हणजे असं आहे तर," साहेब म्हणाला. "एक बाई रोज बटण दाबतात आणि उतरत नाहीत. आम्हाला वाटलंच होतं, कुणीतरी उगाच गाडी थांबवतंय. मग हा थांबा काढायलाच हवा."

आता थोरलीला गप्प बसता आलं असतं. नाहीतर म्हणता आलं असतं, हो, ती आहेच तशी, उगाच बटणं दाबत बसते. जिभेच्या टोकावर आलंही होतं. पण गुडघे तिचे होते. आणि पोटात असा भडका उडाला होता म्हणता, की कार्ड लपवताना उडाला नव्हता. एवढं चांगलं असायचं तरी कशाला बाई माणसानं? सीट घेतलीस, माणसं घेतलीस, माझा नवरा तुझे गोडवे गातो, आणि वर हेही? माझा मान राखायचा, तोही मला न सांगता? एखादीनं जाऊ म्हणून जरा तरी वाईट असावं!

"माझी जाऊ दाबते," ती म्हणाली. मागच्यांनाही ऐकू जावं म्हणून तिनं पुन्हा मोठ्यानं सांगितलं. "माझी धाकटी जाऊ. माझ्यासाठी दाबते. उतरते ती मी."

मास्तर आपल्या चपलांकडे बघत होते.

साहेबाचा चेहरा जरा सैल झाला. "मग काकू, उद्यापासून तुम्हीच दाबा. तुम्ही बटण दाबून उतरताना दिसलात तर थांबा राहील. मला बाकी काही नको."

पुढच्या गेटापासून धुलाईघरापर्यंत ती भिंतीला हात लावत लावत गेली. दिवसभर घड्या वाकड्या पडल्या. मुकादमीण म्हणाली, "काय काकू, आज लक्ष कुठाय?" काकूंनी सगळा गठ्ठा मोडून पुन्हा घातला.

संध्याकाळी धाकटी पुढच्या गेटाशी तिची वाट बघत होती. खिडकीवर दिवसभर रांग होती, डोळे ओढलेले.

"बोललात ना त्यांच्याशी, जाऊबाई? मागच्या गेटाचं काय झालं? मी तर काय काय बोलायचं ते पाठ करून ठेवलं होतं. म्हणणार होते, त्यांच्या गुडघ्यांचा विचार करा."

"राहील म्हणाला."

"हुश्श," धाकटी म्हणाली. गाडीत बसल्या बसल्या तिचा डोळा लागला आणि मान कलंडून थोरलीच्या खांद्यावर आली. थोरलीनं खांदा आधी आक्रसला. मग राहू दिला. पिशवीत डब्याखाली हात घातला, कार्ड चाचपून काढलं, आणि धाकटीच्या पर्समध्ये, आतल्या कप्प्यात, किल्ल्यांच्या खाली घालून चेन लावली. झोपेत धाकटीचं तोंड जरासं उघडं होतं. आताही गोडच दिसत होती मेली.

घरचा थांबा जवळ आला. थोरलीनं धाकटीचं डोकं हलू न देता हात लांब केला आणि खांबावरचं बटण दाबलं. नीट वाजलं की नाही कळेना, म्हणून पुन्हा दाबलं. ड्रायव्हरनं आरशात बघितलं. तिनं झटकन ओठांवर बोट ठेवलं.

गाडी थांबली तशी धाकटी दचकून उठली. "अगं बाई, आलं घर? मी बटणच नाही दाबलं! थांबली कशी?"

"आपोआप," थोरली म्हणाली. "ओळखतो तो आपल्याला. चल, ऊठ."