अळंबीविना अर्क

प्रयोगशाळेत अर्क काढणाऱ्या त्या बाईंना सारे अळंबीबाई म्हणत. औषधी अळंबीचे चूर्ण मद्यार्कात भिजवावे, गाळावे, मंद उष्णतेवर मद्यार्क उडवून टाकावा आणि उरलेला तपकिरी अर्क विषाणूंवर आजमावावा, ही त्यांची नित्य उपासना. त्यांचा एक नियम अढळ होता. प्रत्येक अर्कासोबत, अळंबी मुळीच न घालता, तोच सारा विधी करून त्या दुसरा अर्क सिद्ध करीत. बाई रिकाम्या पातेल्यालाही आच देतात, अशी थट्टा होई. बाई हसत, आणि आच देत.

त्या सकाळी सूक्ष्मदर्शकातून पाहताच त्यांचा ऊर भरून आला. अर्कात मुरवलेले विषाणू अंगावर सोडले, तरी बशीतल्या पेशी टवटवीत होत्या. वर्षानुवर्षांचे तप फळाला आले! मग त्यांनी अळंबीविना अर्काची बशी पुढे सरकवली. तीही तितकीच टवटवीत.

ती बशी पाहिलीच नाही असे समजावे, असा मोह त्यांना क्षणभर झाला. पण घाईत मद्यार्क पुरता उडाला नव्हता आणि विषाणू त्यानेच लुळे पडले होते, हे उघड होते. त्यांनी जाऊन प्रमुखांना सांगितले.

"म्हणजे अळंबी नापास?"

"नापास मी झाले," बाई म्हणाल्या. "अळंबीची परीक्षा अजून व्हायचीय."

घरी यजमान आणि दीर दोघेही सर्दीतापाने बेजार. यजमानांना त्या अर्काचीच बाटली हवी होती. काचेतल्या पेशींना तक्रार करता येत नाही, तुम्हाला येते, असे सांगून बाईंनी बाजारातल्या साध्या अळंबीचे सूप केले, आणि हे जेवण आहे, औषध नव्हे, असेही बजावले. दिरांनी वासानेच नाक मुरडून वाटी परत धाडली.

पुढच्या खेपेस बाईंनी मद्यार्काचा लवलेशही राहू दिला नाही. अळंबीविना बशीतल्या पेशी साऱ्या मेल्या. अळंबीच्या बशीत काही तगल्या. थोड्याच, पण निःसंशय. ते 'थोड्याच' मनात जपत त्या घरी आल्या.

यजमान ठणठणीत. "बघ, तुझी अळंबी लागू पडली."

बाईंनी खिडकीशी पाय हलवीत बसलेल्या, तितक्याच ठणठणीत दिरांकडे बोट केले. "अहो, ही माझी अळंबीविना बशी."

"वहिनी, दिराला बशी म्हणता?" दीर कुरकुरले.

"सूप मात्र झकास होतं," यजमान म्हणाले.

त्या विधानाला बाईंनी पुरावा मागितला नाही.