परक्या हद्दीतलं बोलावणं

आयर्लंडला निघाले त्या सकाळी आईने मला घरातून निरोप दिलाच नाही. कुडाळ स्टेशनला जायला दादाची रिक्षा अंगणात उभी होती, बॅगा कोंबून झाल्या होत्या. माझा नवरा शिरीष आधीच तिकडे नोकरीवर रुजू झाला होता. आईने पायात चपला सरकवल्या आणि म्हणाली, "चल, व्हाळापतूर येतंय."

व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठावर आमच्या गावची शीव आहे आणि तिथे राखणदाराचा दगड. राखणदार म्हणजे गाव सांभाळणारा, कुणालाही न दिसणारा. त्याच्यापुढे गाऱ्हाणं घालायचा मान गावातल्या पुरुषांचा. म्हणून आई मोठ्याने काही बोलली नाही. नारळ ठेवला, ओठ हलवले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "ह्येची हद्द हयसर सरली. फुडे कोन आसा, तां माका ठाऊक नाय. पन कोन तरी असतलोच. इचारल्याबगर कोनाच्या उंबऱ्यात पाय घालू नको."

मी पुण्यात शिकलेली. हसू आवरून हो म्हटलं आणि रिक्षात बसले.

मलिंगार हे डब्लिनपासून आत, तळ्यांच्या मधलं गाव. आम्ही गेलो तेव्हा सगळीकडे नव्या घरांच्या रांगा उठत होत्या, शेताच्या मधोमध क्रेन उभ्या. शिरीष रोज गाडीने दूर ऑफिसला जायचा आणि मी नव्या कोऱ्या घरात एकटी. डिपेंडंट व्हिसावर आलेल्या बायकांना हे वेगळं सांगायला नको. कपाटाला प्रेस म्हणायचं, काहीही झालं तरी 'ग्रँड' म्हणायचं, एवढं पहिल्या महिन्यात शिकले. दुसरं वर्ष उजाडायच्या आत माझं मूल पोटातच गेलं. हॉस्पिटलमधून घरी आले तेव्हाही दारात भेटलेल्या पोस्टमनला मी "ग्रँड" असंच सांगितलं.

त्या दिवसांत नूला भेटली. पन्नाशीची, एकटी, कुंभारकाम करणारी. गावाबाहेर तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर तिच्या आजीचं जुनं घर होतं, ते तिने नवं करून घेतलं होतं. मी तिच्याकडे मातीकाम शिकायला जायचे. पहिल्या दिवशी भांड्यावर हात ठेवल्याठेवल्या मला रडू कोसळलं. तिने काही विचारलं नाही. माझे चिखलाचे हात स्वतःच्या हातात घेऊन बसून राहिली. परक्या देशात मला कुणी मनापासून शिवलं ते त्या दिवशी.

नूला चर्चला जात नसे. ती आणि आणखी तीन बायका वर्षाचे जुने सण आपल्या पद्धतीने पाळायच्या. मेणबत्त्या, गोल रिंगण, देवीची नावं. स्वतःला त्या हसत हसत विच म्हणवायच्या. मला त्यात वावगं वाटलं नाही. हळदीकुंकवाला जमतात तशाच त्या जमायच्या, केक खायच्या, एकमेकींची दुःखं ऐकायच्या.

आई आमच्याकडे राहायला आली त्याच शरदात नूलाने मला विचारलं. ऑक्टोबरअखेरीचा त्यांचा सण, साउन. मेलेली माणसं त्या संध्याकाळी घरी येतात असं मानतात. "यंदा आम्ही कालीला बोलावणार आहोत," ती म्हणाली. "तू मंत्र म्हणशील का, लव्ह? तुझ्या तोंडून ते खरं वाटेल."

तिने मूर्तीही घडवली होती. घरामागच्या काळ्या मातीची, अजून न भाजलेली. जीभ बाहेर, हात उगारलेले. गळ्यातली मुंडमाळ मात्र सुपरमार्केटमधली, हॅलोविनची, प्लास्टिकची.

ज्या बाईने मला सावरलं होतं तिला नाही म्हणायचं होतं.

"नूला, काली माझ्या घरची देवी नाही," मी म्हटलं. "मला तिचं काहीच येत नाही. आणि आमच्या गावात देवीला असं बोलावत नाहीत. आधी कौल लावतात. पाषाणावर कळ्या चिकटवतात. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. नाही आलं तर सगळे गुमान घरी जातात."

"आणि विचारलंच नाही तर?"

"मग कोण येईल ते सांगता येत नाही."

नूला जरा दुखावून म्हणाली, "तुमच्याकडे अजून सगळं शिल्लक आहे. आमचं पाद्र्यांनी पुसून टाकलं. उरलं काय, तर माळ ओढणारी माझी आजी आणि पाप, पाप, पाप. मी दुसऱ्याच्या दाराशी नाही जायचं तर कुठे जायचं?"

मंत्र म्हणणार नाही, पण येऊन बसेन, असं सांगून मी घरी आले. आईला सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "एकटी जाव नको. मी येतंय."

साउनच्या संध्याकाळी, हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे केलेली असल्याने, पाचलाच अंधारून आलं होतं. आई साडीवर शिरीषचं जाड जॅकेट घालून नूलाच्या घरात शिरली. मूर्तीला तिने हात जोडले. मग तिची नजर खोलीभर फिरली. "चूल खंय?"

चूल नव्हती. घर नवं करताना नूलाने भिंतीतली जुनी मोठी शेगडी बोर्ड मारून बंद केली होती, वर पांढरा रंग दिला होता. त्या भिंतीला टेकूनच मूर्तीचं टेबल होतं. आईने बोर्डावर तळवा ठेवला आणि चटका बसावा तसा मागे घेतला. "हयसर होती," एवढंच म्हणाली.

आम्ही दोघी दाराशी खुर्च्या घेऊन बसलो. सीडीवर मंत्र सुरू झाला. चौघी रिंगणात. त्यांच्यात डर्व्हला नावाची एक होती, अबोल, दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसणारी. आईबाप इथले, पण जन्म आणि शाळा इंग्लंडातली. मोठी झाल्यावर ती इकडे आलेली. आधी तिचा पाय हलायला लागला. मग श्वास. ते पाहून माझ्या मानेवर काटा आला, कारण आमच्या जत्रेत मी हे लहानपणापासून पाहिलं होतं. केस सुटले, मान सैल झाली.

"ती आली," एकजण आनंदाने पुटपुटली.

डर्व्हला बोलायला लागली. देवी आल्यावर घुमतात तसा आवाज नव्हता. म्हातारा, दमलेला, घरात पसारा पाहून कुरकुरणाऱ्या बाईचा आवाज होता. आणि ते इंग्रजी नव्हतं. नूलाच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी विझलं.

"ती आयरिश बोलतेय," नूला म्हणाली. "तिला आयरिश येत नाही."

डर्व्हला उठली. मूर्तीकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. टेबल बाजूला सारून भिंतीपाशी गेली आणि तो पांढरा बोर्ड नखांनी खरवडायला लागली. तेच ते वाक्य, पुन्हा पुन्हा. पांढऱ्या रंगावर लाल रेघा उमटायला लागल्या. कुणीतरी सीडी बंद केली, तेव्हा नखांचा आवाज मोठा झाला.

आता सगळ्या आमच्याकडे बघत होत्या. माल आमच्याकडचा, तेव्हा दुरुस्तीही आम्हीच करायची, असं काहीसं त्यांच्या डोळ्यांत होतं. नूलाने आईचा हात धरला. "प्लीज."

आईने हात सोडवून घेतला नाही. पण मान हलवली. "ह्यां आपला न्हय, वैजू. हिची भास माका कळना नाय. मी तोंड घातलंय तर वायट होतला. नूलाक सांग, तिच्या घरात इला, तिनाच इचारूक व्हया. तू कोन, आनि तुका काय व्हया."

मी सांगितलं. नूला मागे सरली. "मला येत नाही. शाळेत छडी खाऊन शिकलेली भाषा आहे ती. सगळी विसरले."

"येता तितक्यात इचार म्हणान सांग," आई म्हणाली.

नूलाने विचारलं. अडखळत, चुकत, शाळकरी मुलीसारखं. डर्व्हलाचे हात थांबले. ती वळली, आणि नूलाकडे पाहून एक शब्द बोलली. एकच.

तो ऐकून नूलाने मूर्ती उचलून अलगद जमिनीवर ठेवली. प्रेसमधून हातोडा आणला आणि तो बोर्ड फोडला. आतून काजळीचा, जुन्या धुराचा गार वारा खोलीत आला आणि मेणबत्त्या आडव्या झाल्या. तिने चुलीपुढे खुर्ची ओढली, पाण्याचा वाडगा ठेवला आणि गुडघ्यांवर बसून काहीतरी म्हणायला लागली. आता ती अडखळत नव्हती. नंतर कळलं की रात्री निखाऱ्यांवर राख ओढताना तिची आजी जी प्रार्थना म्हणायची, ती होती ती. तोंडात परत कधी घेणार नाही अशी शपथ तिने तरुणपणी घेतली होती.

डर्व्हला खुर्चीत बसली. विझलेल्या, रिकाम्या चुलीपुढे तिने दोन्ही तळवे धरले आणि शेकत राहिली. शेक लागत असल्यासारखी बोटं उघडत, मिटत. हळूहळू तिची मान छातीवर आली. डोळे उघडले तेव्हा ओशाळून म्हणाली, "सॉरी, मला झोप लागली का?" आणि मग स्वतःच्या बोटांकडे बघतच राहिली.

बाहेर मुखवटे घातलेली मुलं पिशव्या घेऊन हसत जात होती. घरी येईपर्यंत आईने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी नूला आमच्याकडे आली. रात्रभर झोपली नसावी. "ती विचारत होती, आग कुणी विझवली? मी कुठून येऊ?" नूलाने चहाचा कप न पिताच खाली ठेवला. "आणि तिने मला हाक मारली ती फक्त आजीला ठाऊक असलेल्या नावाने." ते नाव काय, हे तिने आजवर सांगितलेलं नाही. मी विचारलंही नाही. डर्व्हला लहानपणी वर्षभर कुणा आयरिश म्हातारीकडे सांभाळायला होती, असं पुढे कळलं. तेव्हा कानावर पडलेलं वर आलं असेल, असं शिरीष म्हणतो. असेलही.

मी आईला नूलाचं बोलणं सांगितलं. ती म्हणाली, "हो सण म्हणजे तेंचो म्हाळ. घरातली मानसा उपाशी, आनि ह्यो परगावचो पावनो बोलवतत." पितरांच्या पंधरवड्यातल्या जेवणाला आमच्याकडे म्हाळ म्हणतात. पुढचं मात्र ती हळू आवाजात म्हणाली. "तिची तरी काय चूक? तिका कोनी वाडलाच नाय, ती दुसऱ्याच्या पानार बसली."

हे मी नूलाला जसंच्या तसं सांगितलं. ती रडली.

मूर्तीचं काय करायचं, तिला कळत नव्हतं. ठेववत नव्हती, टाकवत नव्हती. आई म्हणाली, पाहुणीला वाटेला लावूया. तिघी तळ्यावर गेलो. प्लास्टिकची माळ नूलाने आधीच काढली होती. पाणी शिसवी रंगाचं, काठावर लव्हाळी, माणूस नाही. आईने तांदूळ ठेवले आणि चक्क मोठ्याने गाऱ्हाणं घातलं. गावात जे तोंड बंद असायचं ते इथे उघडलं. "बा देवा म्हाराजा, ह्या गावच्या राखणदारा, तुझा नाव माका ठाऊक नाय. तुका इचारल्याबगर ही हयसर इली. हिका मानान घरी धाड. कोनाची काय चूक झाली आसात ती पदरात घे."

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. कुणीतरी म्हणावंच लागतं.

नूलाने मला हळूच विचारलं, "तुझी आई चालू देईल का? मीही म्हणू?"

मी आईला विचारलं. आई हसली. आल्यापासून पहिल्यांदा. "इचारल्यान मा? मगे म्हणूंदे."

आणि त्या तळ्याकाठच्या थंडीत एक आयरिश बाई आपल्या उच्चारात "वॉय म्हाराजा" म्हणाली. मूर्ती पाण्यात ठेवली. भाजलेली नव्हती. आधी जीभ विरघळली, मग हात. थोड्या वेळाने तिथे नुसतं गढूळ पाणी होतं, आणि तेही निवळलं.

नूला अजूनही मेणबत्त्या लावते, बायका अजूनही जमतात. पण आता तिच्या चुलीत आग असते. हिवाळ्यात ती आयरिशच्या वर्गाला जाते. डर्व्हला परत आली नाही. गावात दिसली की हात करते, बोटं मिटलेली असतात.

पुढच्या वर्षी माझी इरा जन्मली. इराला मराठी कळतं, पण उत्तर देते ते इथल्या हेलाच्या इंग्रजीत. गावी परतलेल्या माझ्या आईशी फोनवर बोलायची तेव्हाही ही इंग्रजीत आणि ती मालवणीत. दोघींचं काही अडत नसे.

२००७च्या पावसाळ्यात आई गेली. मी पोचले तेव्हा सगळं उरकलं होतं. दादाने अंगणात मला धरलं आणि म्हणाला, "वाट बघीत होती." त्यानंतरच्या माझ्या झोपेबद्दल लिहीत नाही. बाहेर राहणाऱ्यांना ते ठाऊक आहे, आणि घरी राहिलेल्यांनी कधी विचारलं नाही.

त्या ऑक्टोबरच्या शेवटी मी काहीच करायचं ठरवलं नव्हतं. आमच्या घरात चूल नाही, गॅसवरचे रेडिएटर आहेत. इरा बाबाबरोबर शेजारपाजारी चॉकलेटं मागून परत आली, विचची टोपी घालून. शिरीष गाडी लावत होता. पुढचं दार उघडं होतं, थंड वारा आत येत होता, म्हणून मी लावायला गेले.

इरा पायरीवर बसून चॉकलेटाचा कागद काढत होती. मान वर न करता म्हणाली, "दार लाव नको गो. मी हयसरच आसंय."

माझा हात कडीवर राहिला. मी हाक मारली. तिने तोंड वर केलं, चॉकलेटने माखलेलं. "व्हॉट, मॅमी?"

फोनवर ऐकलं असेल. असेलच. गावचे लोक विचारतात, आता तुझं घर कुठलं? मला वाटायचं की आई गेल्यावर एकही उरणार नाही. त्या संध्याकाळी शिरीष आत येऊन "केवढी थंडी" म्हणाला, इरा टोपीसकट सोफ्यावर झोपून गेली, आणि मी जॅकेट घालून त्या उघड्या दाराशी बसून राहिले. इथल्या राखणदाराचं नाव मला अजून ठाऊक नाही. पण त्याच्या हद्दीत यायला माझ्या आईला कुणी अडवलं नव्हतं. घर म्हणायला मला एवढं पुरतं.