कानावरची अर्धी सिगारेट

सदा म्हणाला, "चल रे, मुलगी बघायला. तू बाजूला असलास की मी पण शिकलेला वाटतो." बी.ए. होऊन घरी बसलेल्याला अजून काय पायजे? मी लगेच चपला घातल्या.

ठाण्याहून बेलापूर रोडची एसटी पकडायची. उजवीकडची खिडकी धरा, मधूनमधून खाडी चमकते. डावीकडे नुसत्या कंपन्यांच्या चिमण्या.

रबाळ्याला सदाच्या कंपनीच्या गेटवर उतरलो. तिथल्या टपरीला एक जळता दोर टांगलेला, सगळे त्याच्यावरच पेटवतात. आणि कोण काय पेटवतो त्याच्यावरून पगार कळतो! टेंपररी असेल तर बिडी. परमनंट झाला की सिगारेट. सुपरवायझरची फिल्टरवाली. आणि मोठे साहेब? ते वेलची चघळत गाडीत बसले. डॉक्टरांनी सोडायला लावली म्हणे.

आमचा सदा टेंपररी. मुलीकडे सांगितलंय परमनंट. म्हणून त्याने फिल्टरवालीचं अख्खं पाकीट घेतलं आणि शर्टाच्या पातळ खिशात ठेवलं, बाहेरून नाव वाचता येईल असं.

"नुसतं दाखवायचं हां," मी बजावलं. "ओढायची नाही."

तिथून दुसरी बस, मग करावे गावात पायी. दोऱ्यांवर बोंबील वाळत होते, वासानेच भूक लागली. सदाला मात्र टेन्शन. मुलीच्या घराच्या वळणावर त्याने एक पेटवलीच. अर्धी होतेय तोच मुलीचा बाप दारात हजर.

"या या, पाव्हनं!"

सदाने सवयीने टोक चिमटून विझवलं, सिगारेट कानावर खोचली आणि पाया पडायला वाकला. अर्धी सिगारेट टुपकन् बापाच्या पायावर!

बापाने ती उचलून उलटीसुलटी केली. "फिल्टरची हाय. पन परमनंट मानूस अर्धी फेकून देतो. ही तू ठेवलीस. टेंपररी हायेस ना रं?"

"हो मामा," सदाची मान खाली. "खोटं बोललो."

जमायच्या आधीच लग्न गेलं खाडीत. मी मनातल्या मनात परतीची बस शोधायला लागलो.

तेवढ्यात मुलगी, मंगल, पाण्याचा तांब्या घेऊन आली. "बाबा, तुमाला परमनंट होऊन किती वरसं झाली? मग तुमच्या कानावर काय हाय?"

बापाचा हात कानावर गेला. बिडी. अर्धी!

आधी आतून मंगलची आई हसली, मग बाप, मग मला तर उभं राहवेना. "बस रं आत," बाप म्हणाला, "बोंबील थंड व्हतील." तांदळाची भाकरी आणि कुरकुरीत बोंबील. हे हॉटेलात शोधू नका, कोणाच्या तरी लग्नाला लटका.

निघताना मंगलने सदाला दारात गाठलं. "टेंपररी चालंल. पन आधी कान मोकला कर."

सदाने गपचूप पाकीट माझ्या हातात कोंबलं.

सदाचं जमलं. माझ्याकडे उरलं ते पाकीट. ठाण्याला उतरून एक पेटवली, सुपरवायझरसारखी. ठरवलं, आज अर्धी फेकायचीच. हात वर केला, पण बोटं काय सुटेनात. शेवटी विझवली, कानावर खोचली आणि तरंगत घरी आलो.

दारात आई. मी झटकन कानावर हात ठेवला.

आई म्हणाली, "एवढ्यात कान कशाला पकडतोस? अजून मी काही बोलले पण नाही."